वासरू अंग धरत नसेल तर

गिरगावातल्या वाचकांकडून गुरांविषयी प्रश्न येतात, यात नवल नाही. इथल्या चाळींतल्या कितीतरी घरांचा गोठा अजून रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे आणि गाय व्याली की पहिला फोन मुंबईला येतो. पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न साधारण असा असतो: ‘वासरू जगलं, पण अंग धरत नाही. मलूल असतं, पाय ओढतं, केस उभे राहिलेत. इथून कोणतं टॉनिक पाठवू?’ दुसरा प्रश्न इथल्याच रस्त्यावरचा असतो. देवळाबाहेर गाय बांधलेली असते, शेजारी बरगड्या दिसणारे वासरू असते आणि त्याला काय खायला घालावे, हे कळत नाही. दोन्ही प्रश्न कळकळीने विचारलेले असतात. पण अशक्तपणा हाच आजार आहे आणि बाटलीतले औषध तो भरून काढील, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. खंगणाऱ्या वासराची कारणे फार नसतात. पहिल्या दिवशी चीक उशिरा किंवा कमी मिळाला, रोजचे दूध जगण्यापुरतेही उरत नाही, अंग गार पडले, हगवणीत पाणी गेले किंवा पोटात जंत झाले, यांपैकीच काहीतरी बहुधा निघते. यातले एकही टॉनिकने सुटत नाही. क्रमाने विचार केलात, तर बहुतेक वेळा कारण सापडते आणि उपायही गोठ्यातच असतो.

फोनवर आधी काय विचारायचे

‘कसं आहे?’ असे विचारलेत तर ‘बरं नाही’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांनाही हीच माहिती लागते.

- वासरू कधी जन्मले? किती तासांनी उभे राहिले?
- पहिला चीक किती वेळाने प्यायले? अंदाजे किती?
- गुदद्वारातून घेतलेले तापमान किती आहे? १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट ठीक. १०० च्या खाली म्हणजे वासरू गार पडले आहे. १०३.५ च्या वर ताप.
- शेण कसे आहे? पांढरे, पाण्यासारखे, मातकट, की रक्ताचे?
- डोळे खोल गेलेत का? मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होते, की घडी तशीच राहते?
- हिरड्या आणि डोळ्याच्या आतली कड गुलाबी आहे, की पांढुरकी?
- बेंबी सुकली आहे, की सुजलेली, ओली, गरम आहे? एखादा सांधा फुगलाय का?
- पिताना नाकातून दूध येते का? शेपटीखाली गुदद्वार नीट आहे ना?
- धार काढल्यावर वासरासाठी किती दूध उरते?

शेवटच्या प्रश्नाला हमखास ‘उरतं की थोडंसं’ असे उत्तर येते. तिथे थांबू नका. हे ‘थोडंसं’ किती, ते मापाने काढून घ्या. नाकातून दूध येत असेल, तर टाळूला जन्मतः फट असू शकते. गुदद्वार नसेल, तर शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नाही. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसतात, पण कोणी बघत नाही म्हणून आठवडा निघून जातो.

एक इशारा. वासराला चोखण्याची ओढ आहे का, हे तोंडात बोट घालून पाहतात. पण लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा वासराला अथवा गाईला कुत्रे चावल्याची शंका असेल, तर तोंडात हात घालू नका. घशात काही अडकले असेल म्हणून हात घालणारी माणसे रेबीजच्या तोंडी जातात. अशा वेळी वासराला वेगळे बांधून डॉक्टरांना बोलवा. हात आधीच घातला गेला असेल, तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात जा आणि लस सुरू करा.

पहिला दिवस चिकाचा

माणसाच्या बाळाला आईकडून काही प्रतिकारशक्ती गर्भातच मिळते. वासराला ती मिळत नाही. गाईच्या वारेची रचनाच अशी असते, की तिच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिने वासरापर्यंत पोचत नाहीत. ती चिकात उतरतात. वासराचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण ही ताकद तासातासाने घटते आणि साधारण चोवीस तासांनी संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर दोन तासांच्या आत मिळाला पाहिजे. तो वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका असावा, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर. एका दमात जात नसेल, तर पहिल्या चार-सहा तासांत दोन-तीन वेळा मिळून द्यावा, आणि बारा तासांच्या आत आणखी लिटरभर. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक अन्न म्हणून चांगलाच असतो, पण पहिल्या दिवशी हुकलेले संरक्षण त्याने परत येत नाही.

इथे गावोगावची एक समजूत आड येते: वार पडेपर्यंत वासराला पाजू नये. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. तेवढ्यात चिकाचा सगळ्यात मोलाचा वेळ निघून जातो. शिवाय वासरू आचळ ओढू लागले की गाईच्या शरीरात जे संप्रेरक सुटते, त्यानेच गर्भाशय आवळते आणि वार पडायला मदत होते. म्हणजे थांबण्याने दोन्हीकडून नुकसान होते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावर वाद घालण्यापेक्षा ‘वार लवकर पडावी म्हणून पाजा’ असे सांगितलेत, तर ते पटते. आणि ते खरेही आहे.

दुसरी अडचण आपल्याच ताटातली आहे. गिरगाव-दादरकरांना खरवस प्रिय आहे आणि तो सर्वांत घट्ट लागतो तो पहिल्या दिवसाच्या चिकाचा. जास्त दुधाच्या संकरित गाईला किंवा म्हशीला पहिल्या धारेला वासराची गरज भागूनही पुष्कळ चीक उरतो, त्याचा खरवस करायला हरकत नाही. पण कोकणातल्या लहान चणीच्या गावठी गाईला मुळात चीकच बेताचा असतो. तिथे मुंबईला डबा पाठवायचा म्हणून पहिली धार काढली, तर ती वासराच्या तोंडची असते. गावाहून खरवस येणार असेल, तर वासरू पोटभर प्यायले का, हे आधी विचारा. नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस खा. तो थोडा सैल होईल, एवढेच.

गाय मेली किंवा तिला चीकच नसेल, तर शेजारच्या गोठ्यात त्याच दिवशी व्यालेल्या निरोगी गाईचा चीक मिळवा. फ्रीजरमध्ये गोठवलेला चीक अनेक महिने टिकतो. तो कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवा. उकळलात तर त्यातली संरक्षक प्रथिने नासतात आणि हाती खरवसच उरतो. अंडे, दूध आणि एरंडेल यांचे मिश्रण चिकाच्या जागी सुचवले जाते. त्याने थोडे पोषण होते आणि पोट साफ होते, पण वासराला लागणारे संरक्षण त्यात नाही. असे वासरू पुढचे काही आठवडे जोखमीचे समजा आणि डॉक्टरांना चीक न मिळाल्याचे स्पष्ट सांगा. पहिल्या आठवड्यात रक्ताची साधी तपासणी करून चीक कितपत लागला हे कळू शकते. रक्तद्रवातली एकूण प्रथिने डेसिलिटरला सव्वापाच ग्रॅमच्या खाली असतील, तर संरक्षण अपुरे मानतात.

पहिल्या दिवशीचे दुसरे काम बेंबीचे. लोंबणारी नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा आणि सुकेपर्यंत दिवसातून दोनदा तेच करा. शेण, राख, हळद बेंबीला लावू नका. तिथून शिरलेले जंतू रक्तातून सांध्यांत जातात आणि मग दोन-तीन आठवड्यांनी ‘वासरू लंगडतं, वाढत नाही’ असा फोन येतो. तोवर उपचार कठीण आणि महाग झालेला असतो.

दुधाचा हिशोब करा

पहिला आठवडा पार केलेले वासरू हळूहळू वाळत चालले असेल आणि त्याला ताप-हगवण काही नसेल, तर आजाराआधी उपाशीपणाचा संशय घ्या. हे ऐकायला घरच्यांना आवडत नाही, म्हणून आकड्यांनीच मांडावे लागते. २० किलोच्या वासराला ऊब टिकवणे, श्वास, हालचाल एवढ्यासाठीच रोज सुमारे सव्वा ते दीड लिटर दूध लागते. त्यावर जे मिळेल ते वाढीला. अर्धा लिटर जास्त मिळाले, तर दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन वाढेल. म्हणून दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, इथे दोन लिटर, हे किमान प्रमाण आहे. पावसाळ्यात ओल्या गोठ्यात ऊब टिकवायलाच जास्त खर्च होतो, तेव्हा तेही कमी पडते. आता गावठी गाय दिवसाला दोन-तीन लिटर देत असेल आणि त्यातले दीड लिटर चहाला आणि शेजाऱ्याच्या रतिबाला जात असेल, तर वासराच्या वाट्याला काय राहिले, हे वेगळे सांगायला नको. आई पाजतेच आहे, मग मोजायचे कशाला, असा प्रश्न येतो. वासरू आचळाला लागलेले दिसते, ढुशा देते, म्हणून ते पीत आहे असे वाटते. पण धार काढून रिकाम्या झालेल्या कासेला ढुशा देणारे वासरू उपाशी असते, आणि सारख्या ढुशा हेच उपाशीपणाचे लक्षण असते.

मोजण्यासाठी काटा नको. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. येईल ते वजन साधारण किलोत. घेर २८ इंच आणि लांबी २४ इंच असेल, तर २८.५ किलो. आठवड्याने घेर २९ आणि लांबी साडेचोवीस झाली, तर सुमारे ३१ किलो, म्हणजे दिवसाला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास वाढ, उत्तम. वजन नेमके येत नाही, लहान वासरात चूक जास्त होते. पण तोच माणूस, तीच टेप, तीच वेळ असली, तर वाढ होते आहे की नाही हे कळते, आणि आपल्याला तेवढेच हवे. गावठी वासराने दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम घेतले तरी ठीक चालले आहे. दोन आठवडे घेर जागचा हलला नाही, तर काहीतरी नक्की बिघडले आहे.

जास्त दूध पाजले की हगवण लागते, ही भीतीही सारखी पुढे येते. तीत थोडे तथ्य आहे. दिवसभर उपाशी ठेवून एकदम दोन लिटर दूध गार आणि घाईने पाजले, तर पोट बिघडतेच. त्याचा उपाय दूध कमी करणे हा नव्हे. दिवसाचे माप तीन-चार वेळांत वाटा, दूध अंगाइतके कोमट द्या, रोज त्याच वेळेला द्या, बाटली आणि निपल गरम पाण्याने धुवा. दुधात पाणी घालून ते ‘हलके’ करू नका. वासराच्या जठरात दूध दह्यासारखे विरजून बसायला हवे, पाणी घातले की ते नीट बसत नाही आणि पोषणही घटते. गाय नसेल, तर शेळीचे दूध चालते, पिशवीतले गाईचे दूधही चालते. पिशवी घेताना टोन्ड नको. त्यात स्निग्धांश जेमतेम ३ टक्के असतो आणि गावठी गाईच्या दुधात त्याहून बराच जास्त. स्वस्त दूधपावडरी आणि सोयाबीनवर आधारलेले पर्याय पहिल्या तीन आठवड्यांत टाळा, ते पचवायला लागणारी तयारी वासराच्या पोटात अजून झालेली नसते.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर किंवा बारीक भरडा, कोवळे गवत आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. पाणी वेगळे हवेच. दूध थेट चौथ्या कप्प्यात जाते, आणि पहिला मोठा कप्पा तयार व्हायला दाणा आणि पाणी लागते.

बांबूच्या नळकांड्याने ओतू नका

अशक्त वासराचे तोंड वर करून, जीभ ओढून, बांबूच्या नळकांड्याने दूध, काढा किंवा तेल ओतणे ही सद्भावनेने होणारी सर्वांत घातक चूक आहे. वासरू मान किंचित वर करून स्वतः चोखते, तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ मिटून दूध योग्य कप्प्यात जाते. ओतलेले दूध चुकीच्या कप्प्यात आंबते, किंवा श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. मग एक-दोन दिवसांत ताप, धाप आणि न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, एवढे पाजले तरी गेले. निपलची बाटली आईच्या आचळाच्या उंचीवर धरा, वासराचे नाक डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि ते चोखतच नसेल, तर ओतण्याऐवजी डॉक्टरांना नळी घालायला बोलवा.

गार पडलेले आणि न उठणारे वासरू

तापमान १०० च्या खाली असेल, तर आधी ऊब आणि मग दूध. गार पडलेल्या वासराचे आतडे चालत नाही आणि चोखण्याची ओढही जाते. गोणपाटाने किंवा जुन्या टॉवेलने अंग जोराने चोळून कोरडे करा. खाली जाड कोरडा पेंढा घाला. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि पोटाशी ठेवा. पिवळा बल्ब असेल तर हातभर अंतरावर लावा, पेंढ्यापासून दूर. कुडकुडणे सुरू झाले तर घाबरू नका, ते सुधारल्याचे लक्षण आहे. पोटाखाली विस्तव ठेवणे, धूर करणे मात्र नको, त्याने फुप्फुसे बिघडतात. वासराला एका कुशीवर पडून राहू देऊ नका. छातीवर बसवून दोन्ही बाजूंना पेंढ्याची उशी लावा आणि दर दोन तासांनी कूस बदला.

हगवण लागली तर

हगवणीत वासरू मरते ते बहुतेक वेळा पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून औषध काय, हा प्रश्न दुसरा. पाणी कसे भरून काढायचे, हा पहिला. औषधांच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून, अंगाइतकी कोमट, दोन दुधांच्या मध्ये अर्धा ते एक लिटर द्या, दिवसातून दोन-तीन वेळा. दूध बंद करू नका. ते बंद केले की हगवण थांबल्यासारखी दिसते, कारण पोटात काही उरत नाही, आणि वासरू भुकेने ढासळते. फक्त दूध आणि क्षारपाणी एकत्र मिसळू नका, दोन तासांचे अंतर ठेवा. कातडीची घडी दोन-तीन सेकंद तशीच राहत असेल, डोळे खोल गेले असतील, पाय थंड असतील आणि वासरू उभे राहत नसेल, तर तोंडाने पुरणार नाही. त्याला शिरेतून सलाइन लागते आणि तेही त्याच दिवशी.

घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. हगवण थांबवणारी औषधे विष आत कोंडतात, अर्धवट प्रतिजैविकांनी पुढचा उपचार अवघड होतो. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक तर नकोच. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेले की त्यावर जेवणारी गिधाडे मरतात. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडे जपण्यासाठी माणसे झटली आहेत. तिथल्या आकाशाचा संबंध तुमच्या गोठ्यातल्या इंजेक्शनशी आहे, हे ध्यानात असू द्या.

हगवणीच्या वासराला बाकीच्यांपासून वेगळे बांधा, त्याला सर्वांत शेवटी हात लावा आणि हात साबणाने धुवा. या हगवणीतले काही जंतू माणसांनाही बाधतात, म्हणून लहान मुले आणि गरोदर बायकांना त्याची उस्तवार करायला लावू नका.

पोट मोठे, अंग बारीक

मडक्यासारखे पोट, खरखरीत केस, मातकट वासाची हगवण आणि वय दोन आठवडे ते दोन महिने, असे असेल तर जंत समजा. लांब पांढरे गोल जंत आईच्या दुधातूनच वासरात येतात, म्हशीच्या पारडांत तर फारच. म्हणून जंताचे पहिले औषध दहा ते पंधरा दिवसांच्या वयात देतात आणि मग सहा महिन्यांपर्यंत साधारण दर महिन्याला. मात्रा वजनावर असते, टेपचा आकडा इथेही कामाला येतो. फार अशक्त वासराला औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेणात रक्त आणि कुंथणे असेल, तर ते जंताच्या नेहमीच्या औषधाने जात नाही, कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीचा उपचार वेगळा असतो.

हिरड्या पांढुरक्या असतील, तर कानाच्या आत, शेपटीखाली आणि मांड्यांमध्ये गोचीड शोधा. संकरित वासरात गोचिडांतून थायलेरियाचा ताप येतो, मानेजवळच्या गाठी सुजतात आणि रक्त झपाट्याने उतरते. अशा वासराला कसलेच टॉनिक लागू पडत नाही. रक्ताची काचपट्टी तपासून नेमके औषध लागते. गोचिडांचे औषध लहान वासराच्या अंगावर अंदाजाने ओतू नका, विषबाधा होते.

गिरगावच्या रस्त्यावर दिसणारे वासरू

देवळापाशी गाईसोबत बांधलेल्या लहान वासराला पोळी, भात, पेढे, पुरणपोळी देऊ नका. तीन महिन्यांखालच्या वासराला ते पचत नाही, आणि मोठ्या गाईच्याही पोटात एकदम गेलेला भात-पोळीचा ढीग आंबून तिच्या जिवावर बेततो. श्राद्ध-सणाच्या दिवशी एकाच गाईच्या तोंडात दहा घरांचे नैवेद्य जातात, त्यात प्लास्टिकची पिशवीही जाते. काही द्यायचेच असेल, तर आईला ओला चारा आणि बादलीभर पाणी द्या. तिला पान्हा असेल, तर त्याचा फायदा वासराला होईल.

वासरू आखूड दाव्याला, उन्हात, पाण्यावाचून असेल, तर तुम्ही काय करू शकता?

- प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या ११व्या कलमाखाली पुरेसे खाणे-पाणी न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपयेच आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तरी तक्रारीची नोंद होते आणि जनावर ताब्यात घेता येते.
- परळला आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था ते चालवते. शेजारी १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून विचारा, मग हलवा.
- भुलेश्वरचा पांजरापोळ तुमच्यापासून पायी अंतरावर आहे. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने तो १८३४ मध्ये उभा राहिला. तिथे चाऱ्यासाठी देणगी पुष्कळ जण देतात. आईविना आलेल्या वासराला मात्र चाऱ्याचा उपयोग नसतो, त्याला दोन-तीन महिने दूध लागते. देणगी देताना ‘दुधासाठी’ असे सांगता येईल का, हे व्यवस्थापनाला विचारा.
- मालकाशी भांडून वासरू ओढून नेऊ नका. आईपासून तोडलेले वासरू जास्त लवकर मरते.

पाडा आहे, मग खर्च कशाला?

हा प्रश्न उघडपणे कमी विचारला जातो, पण बऱ्याच गोठ्यांत त्याचे उत्तर कृतीने दिलेले असते: पाडीला दूध, पाड्याला दावे. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली आहे आणि राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे पाडा सांभाळणे हा निव्वळ खर्च वाटतो. कायद्याबद्दल तुमचे मत काहीही असो, त्याचा भार दोन आठवड्यांच्या वासराच्या उपासमारीवर टाकणे समर्थनीय नाही. हिशोबही तसे सांगत नाही. गावठी गाय आणि म्हैस वासरू जवळ असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाहीत. पाडा मेला की अनेकदा गाय आटते, आणि मग पान्ह्यासाठी इंजेक्शने सुरू होतात. गुराच्या आरोग्याला अपाय करून दूध वाढवण्यासाठी काही टोचणे हा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाखाली गुन्हा आहे. पाड्याला पहिले दोन-तीन महिने पाजलेले रोजचे दोन लिटर दूध पुढच्या काही महिन्यांच्या दुधाची हमी असते. त्यानंतर तो दाणा-चाऱ्यावर जगू शकतो, गरजूला देता येतो किंवा गोशाळेशी आधी बोलून पोचवता येतो. बेंबीही न सुकलेला पाडा टेम्पोत घालून पाठवणे म्हणजे वाटेत मारणे आहे.

थांबू नका, डॉक्टरांना बोलवा

- जन्मानंतर सहा तासांत चीक पोटात गेला नसेल
- ऊब देऊनही दोन तासांत तापमान १०० च्या वर येत नसेल
- डोळे खोल, वासरू उभे राहत नाही
- शेणात रक्त, पांढऱ्या हिरड्या, सुजलेली बेंबी किंवा सांधा
- धाप, खोकला, नाकातून दूध
- अंगावर गाठी: लम्पी त्वचारोगाचा संशय, तात्काळ कळवणे आवश्यक

गावी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवायला सांगा, वासराला बिल्ला नसेल तर आईचा. उपचारांचा उपयोग नाही आणि वेदना फार आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले, तर पुढचा निर्णयही त्यांच्याच हातून, कायदेशीर मार्गाने होऊ द्या. माळावर सोडून येणे हा निर्णय नव्हे.

गावची गाय गाभण आहे असे कळले, की गिरगावातून एक पार्सल पाठवा: गुरांसाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर, टिंक्चर आयोडीनची बाटली, वासराला पाजायची निपलची बाटली, ओआरएसच्या दहा पुड्या आणि शिंप्याची टेप. गाय व्याल्यावर पाठवलेत, तर ते पोचेपर्यंत दोन दिवस जातील, आणि चिकासाठी हातात एकच असतो.